दुखणे गुडघ्यात, आजार खुब्यात

भंडारा जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. वहीच्या कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिलेले, घाईच्या अक्षरातले. तिचा अकरा वर्षांचा मुलगा शाळा सुरू झाल्यापासून लंगडतो आहे. कुठे दुखते म्हणून विचारले की गुडघ्यावर हात ठेवतो. गुडघ्याचा फोटो काढून झाला, फोटोत काही निघाले नाही. एका डॉक्टरांनी सांगितले, वाढीच्या वयाचे दुखणे आहे. दुसऱ्याने सांगितले, शीर दबली आहे. सासूबाई रोज रात्री गुडघा तेलाने चोळून देतात. ‘मुलगा शाळा चुकवायला नाटक करतो असे याचे बाबा म्हणतात, आपले मत काय?’ असे विचारून तिने जयभीम लिहिला आहे.

या भगिनीला आम्ही वेगळे पत्र टाकले आहे. मुलगा नाटक करत नाही. त्याच्या खुब्याचा फोटो काढा, दोन्ही बाजूंचा, आणि त्याच दिवशी रक्ताची सिकलसेलची तपासणी करून घ्या, एवढेच त्यात लिहिले. पण पत्र टाकून आल्यावर आम्हालाच स्वस्थ बसवेना. कारण हीच चूक आमच्या स्वतःच्या घरात झाली, आणि तीही आम्ही सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काढल्यानंतर. ती हकीकत पुढे सांगतो. आधी खुबा म्हणजे काय ते पाहू.

कमरेवर हात ठेवून उभे राहिलो की जी हाडाची कड हाताला लागते, तिला आपण खुबा समजतो. तो खुबा नव्हे. ती कमरेखालच्या हाडांच्या घेराची वरची कड. हा घेर उजवीकडचे एक मोठे हाड, डावीकडचे एक मोठे हाड, मागे पाठीच्या कण्याच्या टोकाचे त्रिकोणी हाड आणि त्याखाली माकडहाड, असा मिळून बनतो. समोर दोन्ही हाडे ओटीपोटाच्या खाली एकमेकांना भेटतात. बाईच्या शरीरात हा घेर रुंद आणि पसरट असतो, कारण बाळाला त्यातूनच वाट काढायची असते. बाजूचे मोठे हाडही लहानपणी एकसंध नसते. तीन तुकडे असतात, आणि ते वयात येताना सांधतात. ज्या जागी हे तीन तुकडे येऊन मिळतात, नेमक्या त्याच जागी बाहेरच्या अंगाला एक खोल वाटी असते. त्या वाटीत मांडीच्या हाडाचा गोळा बसतो. हा खरा खुबा. शाळेच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हटले आहे, आणि नाव चपखल आहे. त्याची दुखण्याची जागा बाजूला नसून समोर, जांघेत असते, हे आमच्या भगिनींनी लक्षात ठेवावे.

खाली गुडघा आहे, तो मुख्यतः बिजागरीचा सांधा. त्याच्यापुढे वाटी, खाली नडगीचे हाड आणि त्याच्या शेजारी काडीसारखे बारीक हाड, मग घोटा, आणि पावलात लहानमोठी २६ हाडे. मांडीपासून बोटांपर्यंत एका पायात एकूण ३० हाडे भरतात. या सगळ्यांवर लिहायचे तर दहा अंक पुरणार नाहीत. घोटा मुरगळणे आणि टाच दुखणे यावर पुन्हा केव्हातरी.

मांडीचे हाड हे शरीरातले सर्वांत लांब हाड. पण ते सरळ जाऊन वाटीत बसत नाही. वरच्या टोकाला ते आतल्या बाजूला वळते, तिथे एक आखूड मान असते आणि मानेवर गोळा. विहिरीच्या रहाटाचा दांडा वाकवलेला असतो तसा हा वाक. या वाकामुळेच आपल्याला मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, भात लावता येतो. साधे चालतानाही प्रत्येक पावलाला या गोळ्यावर आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. पन्नास किलोची बाई चालली तर गोळ्यावर सव्वाशे-दीडशे किलो.

एवढे काम करणाऱ्या या गोळ्याला रक्त मात्र फार अडचणीच्या वाटेने मिळते. मुख्य रक्तवाहिनी खाली, मानेच्या पायथ्याशी गोल फिरते. तिच्या बारीक फांद्या मानेला चिकटून वर चढतात आणि गोळ्यात शिरतात. वाटीच्या बाजूने एक लहानशी वाहिनी येते, पण मोठ्या माणसाच्या गोळ्याला ती एकटी पुरत नाही. शेताच्या शेवटच्या तुकड्याला एकच पाट असावा, तशी ही स्थिती. पाट मध्येच फुटला किंवा गाळाने भरला, तर पुढचा तुकडा वाळतो. खुब्याचे दोन मोठे आजार याच एका कारणाने होतात. म्हातारपणी पाट फुटतो, आणि आपल्या भागातल्या तरुण पोरांत तो भरून जातो.

पहिला प्रकार आमच्या शेजारच्या आजींच्या बाबतीत पाहिला. रात्री मोरीत पाय घसरला. फार जोरात पडल्याही नाहीत, पण उठता येईना. आम्ही गेलो तेव्हा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड झाला होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडले होते. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचा पाय असा दिसला की मांडीच्या हाडाची मान किंवा तिच्या खालचा भाग मोडला असे धरूनच चालावे. पाळी गेल्यानंतर बाईची हाडे झपाट्याने विरळ होतात, म्हणून आजोबांपेक्षा आजींमध्ये हे अधिक घडते.

आजींना रुग्णालयात नेले. फोटो निघाला, मानेतच मोड होता आणि टोके सरकलेली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले. मुलांनी आपसात विचार केला. वय ऐंशी, आता कशाला चिरफाड, घरी नेऊ, सेवा करू. पैशांचा प्रश्न होता हे आम्हाला ठाऊक आहे, आणि मुले वाईट नव्हती हेही ठाऊक आहे. पण ऑपरेशन न करणे म्हणजे त्रास न देणे, ही समजूत खोटी आहे. मान मोडून टोके सरकली की गोळ्याकडे जाणाऱ्या फांद्या बहुधा तुटतात. असा मोड प्लॅस्टरने जुळत नाही, वजन लावून जुळत नाही, हाडवैद्याच्या पट्ट्यांनी तर नाहीच. आजी पाठीवर पडून राहिल्या. कूस बदलताना किंकाळी फुटायची, म्हणून घरची माणसे कूस बदलेनाशी झाली. माकडहाडाजवळ जखम झाली, मग छातीत कफ भरला. दोन महिने काढले. आम्ही भेटायला गेलो की त्या एकच म्हणायच्या, “बाई, मला एकदा उठवून बसव.” ऑपरेशन मुख्यतः त्यासाठीच असते, माणसाला उठवून बसवण्यासाठी. म्हणून ते पडल्यापासून एक-दोन दिवसांत व्हावे असा आज सर्वत्र आग्रह असतो. मानेचा सरकलेला मोड असेल तर मेलेला गोळा काढून धातूचा बसवतात. मोड मानेच्या खाली असेल तर तिथे रक्त भरपूर असते, सळई किंवा पट्टी घालून हाड जुळते. दोन्हीकडे हेतू एकच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय खाली टेकवणे. कुणाचे हृदय किंवा श्वास इतका कमजोर असतो की भूल देणेच धोक्याचे ठरते, ती गोष्ट निराळी, आणि ते भूलतज्ज्ञाने सांगावे. घरातल्या मोठ्या काकांनी सांगू नये.

आता दुसरा प्रकार, ज्यासाठी हा मजकूर लिहायला घेतला.

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल माहीत नाही असे घर क्वचित. आदिवासी बांधवांत हा आजार आहे, इतर समाजांत आहे, आणि आपल्या समाजात तर दुर्लक्ष करता येऊ नये इतका आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी याची नोंद १९५८ सालीच प्रसिद्ध केली होती. आपल्याकडे ‘एस.एस. पॅटर्न’ म्हणजे रोगी आणि ‘ए.एस. पॅटर्न’ म्हणजे वाहक, ही भाषा रूढ आहे, तीच आम्ही वापरतो. एस.एस. रोग्याच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात. ताप आला, पाणी कमी प्याले, थंडी बाधली, फार दमणूक झाली की हे वाढते. वाकड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. म्हणून हातपाय, पाठ, छाती असह्य दुखते. हे सगळे रोग्याच्या घरच्यांना ठाऊक असते.

ठाऊक नसते ते हे, की वाहिन्या तुंबायची एक आवडती जागा म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा. त्याला जाणारा पाट आधीच बारीक. तो तुंबला की गोळ्याच्या आतले हाड मरते. मेलेले हाड लगेच ढासळत नाही. वाळवी लागलेली तुळई काही काळ छप्पर धरून राहते, तसा गोळा काही महिने, कधी वर्षे आपला आकार धरून राहतो. आणि एक दिवस वरून दबतो, चपटा होतो. मग वाटी झिजते, पाय आखूड होतो, मांडी घालता येत नाही. मधला जो काळ आहे तोच हातात असतो. त्या काळात साधा फोटो चांगला दिसू शकतो. दोष दिसतो तो एम.आर.आय.मध्ये.

आमचा भाचा एस.एस. पॅटर्नचा. लहानपणापासून आमच्याकडे वाढलेला, कारण त्याच्या गावी रक्त चढवायची सोय नव्हती. बारावीत असताना त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. आम्ही म्हटले, नेहमीचीच कळ आहे, पाणी जास्त पी. महिनाभराने तो जिना चढताना कठड्याला धरू लागला. आम्ही गुडघ्याला शेक दिला, क्रेप बँडेज बांधले. एका खाजगी दवाखान्यात दाखवले, त्यांनी गुडघ्याचा फोटो काढला आणि गोळ्या दिल्या. त्या डॉक्टरांना आम्ही दोष देणार नाही, कारण आम्ही त्यांना गुडघाच दाखवला. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या मज्जातंतूंच्या शाखा एकाच खोडातून निघतात, म्हणून खुब्याचे दुखणे मेंदूला गुडघ्यात वाटू शकते. वॉर्डात मोठ्या डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरांना हे शिकवताना आम्ही किती वेळा ऐकले असेल! लहान मूल गुडघा दाखवील तर खुबा तपासा. आम्ही ट्रे हातात धरून तिथेच उभे असायचो.

सात महिने गेले. एके दिवशी तो पायात मोजा चढवता येईना म्हणून रडला. अठरा वर्षांचा मुलगा. आम्ही त्याला खाटेवर उताणे निजवले, गुडघा वर वाकवला आणि तंगडी हळूच बाहेर नेली. तसे केल्याने मांडी आत फिरते. त्याने ओठ चावला आणि जांघेवर हात ठेवला. एवढी साधी तपासणी, अर्ध्या मिनिटाची. उजवा गोळा दबला होता. डाव्या गोळ्यात एम.आर.आय.ने सुरुवात दाखवली. हा आजार एका बाजूला सापडला तर दुसरी बाजू तपासलीच पाहिजे, कारण तो पुष्कळदा दोन्हीकडे असतो.

आमच्या वाचकांना म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे. घरात एस.एस. पॅटर्नचे मूल असेल आणि जांघ, मांडी किंवा गुडघा दोन-तीन आठवड्यांहून अधिक दुखत असेल, चालणे बदलले असेल, मांडी घालायला त्रास होत असेल, तर ‘नेहमीची कळ’ म्हणू नका. सिकलसेल नसले तरी लंगडणाऱ्या मुलाचा खुबा पाहिलाच पाहिजे. चार ते आठ वर्षांच्या मुलांत कारण न कळता गोळ्याचे रक्त तुटण्याचा एक आजार असतो, दहा ते पंधरा वर्षांच्या वाढत्या, विशेषतः वजनदार मुलांत गोळा मानेवरून घसरतो, आणि खुब्याचा क्षयरोग आपल्याकडून अजून गेलेला नाही. ताप आहे आणि मूल पाय हलवू देत नाही, अशी स्थिती असेल तर सकाळची वाट पाहू नये. सांध्यात पू होत असतो, आणि एक रात्रही महाग पडते. सिकलसेलच्या मुलाच्या हाडांत पू होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त, हेही ध्यानात असू द्या.

आणखी एक गोष्ट रागाने लिहावीशी वाटते. दुखण्यावर आठवडी बाजारात मिळणाऱ्या पुड्या आणि गावात फिरून सुई टोचणारे. यांच्या औषधाने दोन दिवसांत आराम पडतो, कारण अशा औषधांत स्टेरॉईड मिसळलेले आढळले आहे. स्टेरॉईड पुष्कळ आणि दीर्घकाळ घेतले तर त्यानेच खुब्याचा गोळा मरतो. करोनाच्या उपचारात स्टेरॉईड घ्यावे लागलेल्या काही रुग्णांचे खुबे पुढे असे खराब झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली केली. ज्या खुब्याचे रक्त सिकलने आधीच तोडले आहे, त्यावर ही पुडी म्हणजे आगीत तेल. दारूनेही तेच होते, हे आमच्या बंधूंनी वाचावे. डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी मोजून दिलेले स्टेरॉईड मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नये, त्याचा धोका वेगळा आहे.

लवकर सापडले तर काय करतात? कुबडी देऊन भार कमी करतात. गोळ्यात बारीक भोक पाडून आतला दाब मोकळा करतात. सगळ्यांना गुण येतो असे नाही, पण दुखणे कमी होते, काहींचा गोळा वाचतो. रक्ताच्या बाजूने हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यायची असते, तिने कळांचे हल्ले कमी होतात. गोळा दबून गेला असेल तर सांधा बदलणे हाच मार्ग उरतो. इंग्लंडमधील जॉन चार्नली या सर्जनने १९६२ साली धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी सिमेंटने बसवून ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने रुळवली. एस.एस. रोग्यात ती जास्त जपून करावी लागते. भूल देण्याआधी रक्त, प्राणवायू, पाणी, अंगाची ऊब, सगळे नीट सांभाळावे लागते, म्हणून पॅटर्नचा कागद सर्जनच्या हाती पहिल्याच भेटीत द्यावा. तरुणाला बसवलेला सांधा जन्मभर पुरेलच असे नाही, पुढे बदलावा लागू शकतो, हेही डॉक्टरांना मोकळेपणी विचारावे. सरकारी योजनेत खर्च बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. विचारायला लाजू नये. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत घेतले आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठीही अर्ज करावा. २०२३ च्या जुलैपासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट ठरवले आहे. तपासणीला आलेल्या ताईला दारातून परत पाठवणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

का परत पाठवतात? मुलीचे लग्न मोडेल म्हणून. आपण पत्रिका पाहणे सोडले ते उत्तम केले, पण पॅटर्नचा कागद पाहायला हरकत नाही. दोघेही ए.एस. असतील तर प्रत्येक खेपेला मूल एस.एस. होण्याची शक्यता चारात एक. एक ए.एस. आणि दुसरा ए.ए. असेल तर एस.एस. मूल होणार नाही. तेव्हा वाहक मुलगी म्हणजे रोगी मुलगी नव्हे, आणि वाहक मुलाचे दोष झाकून मुलीचेच शोधणे हा तर निव्वळ अन्याय. आणि हे कुठल्या पापाचे फळ नाही. वाहकाला घातक मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, हे ॲलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवले. डासांच्या प्रदेशात आपले पूर्वज जगले, त्याची ही खूण आहे.

भाच्याचा उजवा खुबा बदलून आता सव्वा वर्ष झाले. उकिडवे बसायचे नाही, मांडी घालायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे, म्हणून घरात संडासासाठी मधोमध भोक असलेली लोखंडी खुर्ची करून घेतली. वस्तीतल्या सुताराने तिला पत्र्याऐवजी फळी लावून दिली आणि पैसे घेतले नाहीत. विहारात तो मागे, भिंतीशी खुर्चीवर बसतो. सुरुवातीला त्याला संकोच वाटायचा, सगळे खाली आणि आपणच वर. आता त्याच्या शेजारी आणखी तीन-चार खुर्च्या असतात, गुडघेदुखीच्या आजीबाईंच्या. झेरॉक्सच्या दुकानात त्याला काम मिळाले आहे, मालकाने उंच स्टूल दिले. डाव्या खुब्यात भोक पाडून दाब मोकळा केला आहे. गोळ्याचा आकार अजून टिकून आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा फोटो काढायचा आहे, तारीख त्याने कॅलेंडरवर स्वतःच लिहून ठेवली आहे.

भंडाऱ्याच्या भगिनीचे उत्तर आले की कळवू.